ब्रिटिश स्लँग, व्हाया देवळाली



आजची गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या एका छोट्या दुकानात. माझी मावसबहीण मास्टर्ससाठी तिकडे गेली होती. तिकडे पोचून दुसराच दिवस, विमानातल्या एसीनं सर्दी झालेली, नाक लाल. दूध-ब्रेड घ्यायला दुकानात शिरली. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, ‘यू ऑलराइट, लव्ह?’ हिला वाटलं, काय प्रेमळ माणूस आहे! चेहऱ्यावरून ओळखलं की हिला बरं नाहीये. तिनं रीतसर सांगायला सुरुवात केली. घसा धरलाय, झोप लागली नाही, कणकण वाटतेय. काका बघतच राहिले. मागची रांग खोळंबली. शेवटी मागच्या एका आजींनी हिच्या हातातलं दूध हळूच काउंटरवर ठेवलं.

रात्री तिचा मला फोन. ‘ताई, आयईएल्टीएसमध्ये साडेसात बँड आहेत माझे. आणि मला साधं दूध घेता येत नाही!’

तर मंडळी, ‘यू ऑलराइट?’ हा प्रश्नच नाहीये. आपल्याकडे जिन्यात भेटलेल्या काकू विचारतात ना, ‘काय गं, झालं का जेवण?’ त्यांना तुझ्या ताटात काय होतं ते ऐकायचं नसतं. तसंच हे. उत्तर एवढंच द्यायचं: ‘ऑलराइट, यू?’ संपला विषय. आणि ते ‘लव्ह’? उत्तर इंग्लंडमध्ये बस ड्रायव्हरसुद्धा अनोळखी बाईला ‘लव्ह’ म्हणतो. नॉटिंगहॅम-डर्बीकडे गेलात तर चक्क ‘डक’ म्हणतात. त्यात ना प्रेम, ना बदक. आपल्या ‘काय राव’सारखं ते.

त्या फोनवरून आजचा एपिसोड सुचला. ‘ब्रिटनला जाण्याआधी शिका हे पन्नास शब्द’ अशा याद्या नेटवर ढिगानं मिळतात. पण यादीत एक गोष्ट नसते. तो शब्द कुणी बनवला आणि कुणापासून लपवायला बनवला, ते. कारण स्लँग बहुतेकदा जन्मते भिंत म्हणून. ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यामधली भिंत. हे एकदा कळलं की कुठला शब्द तोंडात घ्यायचा आणि कुठला नुसता कानात ठेवायचा, ते बरंचसं आपोआप कळतं.

आधी रोजचं सामान

पहिल्या आठवड्यात लागतील असे शब्द पटकन सांगते.

‘चीअर्स’ म्हणजे थँक यू. ग्लास हातात असायलाच हवा असं नाही. बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणायचं, ‘चीअर्स!’ ‘टा’ म्हणजेसुद्धा थँक यू, आणखी घरगुती. मूळचा तो लहान बाळांच्या बोलीतला शब्द आहे.

‘मेट’ म्हणजे मित्र, पण प्लंबरला, टॅक्सीवाल्याला, धक्का लागलेल्या माणसालाही ‘मेट’च. हा शब्द फार जुना आहे. तो आला उत्तर जर्मनीकडच्या बोलींतून, आणि त्याचं नातं आहे अन्नाशी. ‘मीट’ हा शब्द पूर्वी इंग्रजीत कुठल्याही अन्नासाठी वापरायचे. त्याच मुळाचा हा ‘मेट’, म्हणजे जो सोबत बसून जेवतो तो. आपण ‘एका ताटात जेवलेलो’ म्हणतो ना, अगदी तेच.

‘नॅकर्ड’ म्हणजे पार थकलेला. पण ‘नॅकर’ कोण माहितीय? म्हातारे, निकामी झालेले घोडे विकत घेऊन कापणारा माणूस. दिवसभर काम करून ‘आयॅम नॅकर्ड’ म्हणणारा माणूस खरं तर म्हणतोय, ‘आता मला त्या घोड्यांच्या रांगेत उभा करा.’ ‘स्किंट’ म्हणजे खिसा रिकामा, शब्दशः कातडी सोललेला. महिनाअखेरीला लागेलच. ‘डॉजी’ म्हणजे ज्यावर भरवसा ठेवू नये असं काहीही. डॉजी भाडेकरार, डॉजी चिकन, डॉजी गुडघा. ‘गॉब’ म्हणजे तोंड, म्हणून ‘गॉबस्मॅक्ड’ म्हणजे तोंडावर फटका बसल्यासारखा थक्क.

दोन सापळे. उत्तरेकडे कुणी ‘टी’ला घरी बोलावलं तर नाश्ता करून जाऊ नका, तिकडे ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण असू शकतं. आणि ‘पँट्स’ म्हणजे तिकडे आतले कपडे! ‘आय लाइक युअर पँट्स’ असं ऑफिसात कुणाला म्हणू नका. बाहेरची ती ‘ट्राउझर्स’.

आता पैसे. पौंड म्हणजे ‘क्विड’. पाचाची नोट ‘फायव्हर’, दहाची ‘टेनर’. क्विडचं अनेकवचन करायचं नाही, वीस असले तरी ‘ट्वेंटी क्विड’. हा शब्द सतराव्या शतकातला आहे, म्हणजे इकडे मराठेशाही उभी राहत होती तेव्हाचा.

जुन्या लोकांच्या तोंडी ‘बॉब’ ऐकाल. बॉब म्हणजे शिलिंग. पूर्वी एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाला २४० पेन्स असा हिशोब होता. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटननं दशमान पद्धत आणली आणि हे सगळं गेलं. नाणी गेली, बोलणं राहिलं. थोडा वेडसर माणूस अजूनही ‘नॉट द फुल शिलिंग’, म्हणजे पूर्ण शिलिंग नसलेला. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला आणे गेले. तरी तुमची आजी म्हणतेच ना, ‘सोळा आणे खरं’? तसंच ‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे एक नंबरला जाऊन येणं. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. तिथे जॉर्ज जेनिंग्ज या माणसानं स्वच्छतागृहं बांधली आणि वापरायची फी होती एक पेनी. पुढे सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या कुलपांतसुद्धा पेनीच टाकावी लागायची.

बाजारातली भिंत

त्याच १८५१ साली हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराचं लंडनच्या कष्टकऱ्यांवरचं एक मोठं काम पुस्तकरूपात आलं. तो रस्त्यावर फिरून हातगाडीवाल्यांशी, भंगारवाल्यांशी, फुलं विकणाऱ्या पोरींशी बोलला होता. त्याला आढळलं की भाजी-फळं विकणारे हातगाडीवाले शब्द उलटे करून बोलतात. ‘पेनी’चं ‘येनेप’. ‘पॉट ऑफ बीअर’चं ‘टॉप ओ रीब’. का? तर गिऱ्हाइकाला कळू नये, आणि पोलिसाला तर मुळीच कळू नये. लंडनचे गणवेशातले पोलीस १८२९ मध्ये आले होते आणि हातगाडीवाल्यांना ‘हलव गाडी’ करत फिरत होते. ओळखीचं वाटतंय ना?

आपल्यालाही हे नवीन नाही. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात, आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. शाळेत आपण ‘च’ची भाषा बोलायचो, धाकट्या भावंडांना कळू नये म्हणून. गरज तीच.

त्या उलट्या बोलीतला एक शब्द आजही रोज पेपरात दिसतो. ‘यॉब’. म्हणजे ‘बॉय’ उलटा. तेव्हा त्याचा अर्थ नुसता मुलगा होता. आज अर्थ आहे दंगा करणारा, टवाळ पोरगा. शब्द रस्त्यावरून वरच्या वर्गाकडे गेला आणि तिथून शिवी होऊन खाली आला. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटेल.

याच रस्त्यांवर, साधारण १८४० च्या दशकात, ‘राइमिंग स्लँग’ रुजली. जॉन कॅम्डेन हॉटन या प्रकाशकानं १८५९ मध्ये काढलेल्या स्लँगच्या कोशात तिची नोंद आहे. युक्ती मजेशीर आहे. शब्द घ्यायचा, त्याला यमक जुळणारी जोडी शोधायची, आणि मग यमकाचाच तुकडा गाळून टाकायचा! म्हणजे ‘लुक’ला यमक ‘बुचर्स हुक’, खाटकाचा आकडा. आता ‘हुक’ गाळा. ‘हॅव अ बुचर्स’ म्हणजे जरा बघ. ‘हेड’ला यमक ‘लोफ ऑफ ब्रेड’. ‘युज युअर लोफ’ म्हणजे डोकं वापर. ‘लाइज’ला ‘पोर्क पाइज’, म्हणून थापा मारणं म्हणजे ‘टेलिंग पोर्कीज’. आणि शुक्रवारी रात्री कुणी ‘लेट्स गो फॉर अ रूबी’ म्हणालं, तर चला, करी खायला निघायचंय. रूबी मरे ही १९५० च्या दशकातली लोकप्रिय गायिका, आणि ‘मरे’ला यमक ‘करी’. यमकाचा तुकडाच नसल्यामुळे बाहेरच्याला काही म्हणजे काही कळत नाही.

ही बोली कॉकनी लोकांची. चीपसाइडच्या सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील इतक्या अंतरात जन्मला तो खरा कॉकनी, असं म्हणतात. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात त्या घंटा नष्ट झाल्या, १९६१ मध्ये नव्या वाजू लागल्या.

कॉकनी बोलणं म्हणजे गरिबीचा शिक्का होता. बर्नार्ड शॉनं नेमकं हेच पकडून ‘पिग्मॅलियन’ लिहिलं. लंडनमध्ये १९१४ ला ते रंगमंचावर आलं तेव्हा नायिकेच्या तोंडच्या ‘ब्लडी’ या एका शब्दावरून गहजब झाला. आज तो शब्द आजोबासुद्धा वापरतात, ‘ब्लडी वेदर!’ आपल्याला ही गोष्ट ठाऊक आहे ती पुलंच्या ‘ती फुलराणी’मुळे. १९७५ मध्ये पुलंनी ते नाटक मराठी मातीत आणलं आणि भक्ती बर्वे यांनी गाजवलं. लंडनची फुलवाली इकडे सहज रुजली, कारण बोलीवरून माणसाची लायकी ठरवणं आपल्याकडेही तेवढंच चालतं. ‘आनी-पानी’ म्हणणाऱ्याला हसणारे आपणच ना?

आता नाशिक रोडच्या अलीकडचं स्टेशन

तुम्ही म्हणाल, लंडनच्या गप्पांत नाशिक कुठून आलं? सांगते.

एखाद्या ब्रिटिश माणसाचं डोकं फिरल्यासारखं झालं, तर तिकडे सहज म्हणतात, ‘ही हॅज गॉन डूलॅली’. वेडा झालाय. हे ‘डूलॅली’ म्हणजे आपलं देवळाली!

ब्रिटिशांनी १८६१ मध्ये देवळालीला लष्करी तळ उभा केला. भारतातली नोकरी संपलेले गोरे सैनिक ठिकठिकाणच्या छावण्यांमधून इथे पाठवले जायचे आणि इथून मुंबईला जाऊन बोटीनं घरी. पण सैन्याच्या बोटी वर्षभर सुटत नसत. मुख्यतः थंडीच्या हंगामातच सुटायच्या. हंगाम संपल्यावर ज्याची मुदत भरली, तो अडकला. महिनोन्‌महिने.

जरा डोळ्यांसमोर आणा. मँचेस्टर किंवा कॉर्कचा पंचविशीतला पोरगा. सात-आठ वर्षं परक्या देशात काढलेली. कागदोपत्री सुटका झालीय, पण बोट नाही. पुरेसं काम नाही, कवायतीचा धाक नाही. वर ऊन, खिशात थोडे पैसे, हाताशी दारू. मलेरिया होताच. काही जण दारूत बुडाले, काही तुरुंगात गेले, काहींची डोकी खरंच फिरली. फ्रँक रिचर्ड्‌स या सैनिकानं १९३६ मध्ये आलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींच्या पुस्तकात देवळालीच्या या दिवसांविषयी लिहिलंय.

सैनिकांनी या अवस्थेला नाव ठेवलं, ‘डूलॅली टॅप’. आता हा ‘टॅप’ म्हणजे नळ नाही बरं का. हा आपला ताप! देवळालीचा ताप. मराठी माणसाला याचं भाषांतर करून द्यावं लागत नाही. आपण आजही म्हणतोच, ‘डोक्याला ताप झालाय नुसता.’

आज तो ‘टॅप’ गळून गेला, ‘डूलॅली’ तेवढं उरलं. बीबीसीनं १९७४ पासून देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिकासुद्धा केली. हसण्याचा शब्द झाला तो. पण मुळात तो घरी जाऊ न शकलेल्या पोरांचा शब्द होता.

अशा सैनिकांनी आपल्याकडून आणखी बरंच नेलं. ‘हॅव अ डेको’ म्हणजे जरा बघ, थेट ‘देखो’वरून. ‘चिट’ म्हणजे आपली चिठ्ठी. ‘पका’ म्हणजे पक्का, अस्सल, झकास. जेमी ऑलिव्हर हा शेफ टीव्हीवर सारखा ‘पका’ म्हणायचा, त्यानं तो पुन्हा तरुणांच्या तोंडी आला. ‘कुशी जॉब’ म्हणजे आरामाची नोकरी, आणि त्यात ‘खुश’ दडलाय.

पण मला सगळ्यात लागतो तो शब्द ‘ब्लायटी’. म्हणजे मायदेश, ब्रिटन. हा आला ‘विलायती’ वरून. तीच आपली विलायत. विलायती चिंचेतली विलायती! भारतात राहिलेले गोरे सैनिक आपल्या घराला परक्या भाषेतल्या परदेशाच्या नावानं ओळखू लागले. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, हेच जुने सैनिक फ्रान्सच्या खंदकांत गेले आणि तिथे नव्या पोरांनी हा शब्द उचलला. खंदकात ‘ब्लायटी’ म्हणजे अशी जखम, जी जीव घेणार नाही पण घरी पाठवण्याइतकी मोठी असेल. लोक अशा जखमेची वाट बघायचे, मंडळी.

असे भारतातून गेलेले शब्द हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये एका जाडजूड कोशात गोळा केले. नाव ‘हॉबसन-जॉबसन’. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसैन’चा घोष गोऱ्या सैनिकांना जसा ऐकू आला तसा!

दोन थापा, म्हणजे पोर्कीज

भारताचं नाव आलं की आपण खूश होऊन काहीही खरं मानतो. म्हणून या दोन कथांपासून जपा.

पहिली. लंडनच्या सट्टेबाजांत २५ पौंडांना ‘पोनी’ आणि ५०० पौंडांना ‘मंकी’ म्हणतात. व्हॉट्सॲपवर फिरतं की जुन्या भारतीय नोटांवर घोड्याचं आणि माकडाचं चित्र होतं, त्यावरून हे आलं. छान गोष्ट आहे, पण अशी माकडाची नोट आजवर कुणी दाखवलेली नाही. भारत सरकारच्या कागदी नोटा १८६१ च्या कायद्यानं आल्या. ‘पोनी’ आणि ‘मंकी’ त्याच्या कितीतरी आधीपासून जुगाऱ्यांच्या तोंडी होते.

दुसरी. ‘पॉश’. आपल्याकडेही रुळलेला शब्द. कथा अशी की मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीत आणि परत जाताना उजवी, म्हणून श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटांवर त्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का मारायचे, आणि तेच ‘पॉश’ झालं. असा शिक्का असलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही. शब्दाच्या जन्माची गोष्ट जितकी चपखल, तितकी ती तपासून घ्यायची.

छावा आणि चॅव्ह

आता थापेपेक्षा भारी असं खरं सांगते.

सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघालेले लोक फिरत फिरत युरोपात पोचले. ते रोमानी. लोकांनी त्यांना ‘जिप्सी’ म्हणत हाकललं, पण त्यांचे शब्द ठेवून घेतले. ‘पॅल’, म्हणजे जिवलग मित्र, हा रोमानी शब्द. रोमानी भाषेत त्याचा अर्थ भाऊ. आणि त्याचं मूळ तेच, जे संस्कृत ‘भ्रातृ’चं.

दुसरा शब्द ‘चॅव्ह’. साधारण २००४ च्या सुमाराला तो ब्रिटनभर पसरला. ट्रॅकसूट घालणारा, नकली ब्रँड मिरवणारा, सरकारी घरांत वाढलेला गरीब गोरा पोरगा म्हणजे चॅव्ह. विनोदाच्या नावाखाली एका अख्ख्या वर्गाची टिंगल. बहुतेक अभ्यासक हा शब्द रोमानी ‘चावो’, ‘चावी’ म्हणजे मुलगा, पोर, याच्याशी जोडतात. आणि त्या ‘चावो’चा मराठीतला सख्खा चुलतभाऊ कोण माहितीय? ‘छावा’!

हो, तोच. शिवाजी सावंतांच्या कादंबरीच्या नावातला, आपल्या छातीवरच्या टीशर्टावरचा छावा. एकच मूळ, त्याचं आपल्याकडे शौर्याचं विशेषण झालं आणि तिकडे तिरस्काराचं. शब्दाचा दोष नाही. तो कुणी कुणासाठी वापरला, एवढाच फरक. म्हणून ‘चॅव्ह’ ऐका, ओळखा, पण स्वतः वापरू नका.

तुरुंग टाळण्यासाठीची भाषा

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते. तेव्हा समलिंगी पुरुषांनी एक बोली जपली, ‘पोलारी’. त्यात इटालियन, रोमानी, उलटे शब्द, नाटक-सर्कसवाल्यांचे शब्द असं सगळं होतं. ‘बोना’ म्हणजे छान. ‘राया’ म्हणजे केस, ‘हेअर’चं उलटं. बसमध्ये समोरचा ‘आपला’ आहे की साध्या वेषातला पोलीस, हे एका शब्दावरून चाचपता यायचं. चुकलात तर तुरुंग.

मग १९६५ ते १९६८ या काळात बीबीसी रेडिओवरच्या ‘राउंड द हॉर्न’ या विनोदी कार्यक्रमात जूलियन आणि सँडी ही जोडी आली. अख्खा देश रविवारी जेवताना पोलारीतले विनोद ऐकून हसत होता. भाषा उघडी पडली आणि कायदाही सैल झाला, तिची गरज कमी होत गेली. काही शब्द मात्र मुख्य इंग्रजीत राहिले. घर किंवा कपडे जरा सजवायचे म्हणजे ‘झुझ’ करणं. आणि हो, शौचालयाला ‘खाझी’ म्हणतात, तो उर्दूतला काझी नव्हे. तो इटालियन ‘कासा’, म्हणजे घर, याच्यावरून आलेला.

आपल्याकडचं कलम ३७७ ब्रिटिशांनीच १८६० च्या दंडविधानात आणलेलं. ते सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

आजचं लंडन

२२ जून १९४८ ला ‘एम्पायर विंडरश’ बोटीतून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक लंडनजवळच्या टिलबरीला उतरले. महायुद्धानंतर ब्रिटनला माणसं हवी होती. यांनी बस चालवल्या, हॉस्पिटलं सांभाळली. पाठोपाठ भारत, पाकिस्तान, पूर्व आफ्रिका, बांगलादेशातून माणसं आली. त्यांची नातवंडं एकाच शाळेत, एकाच बसस्टॉपवर वाढली आणि त्यातून नवी लंडनी बोली झाली. जेनी चेशायर, पॉल कर्सविल या भाषातज्ज्ञांनी तिचा अभ्यास केलाय.

‘वॉगवान’ म्हणजे काय चाललंय. ‘मॅनडेम’ म्हणजे आपली गँग, मित्रमंडळ. ‘एंड्‌स’ म्हणजे आपला एरिया. ‘पेंग’ म्हणजे एकदम भारी, दिसायला किंवा खायला. ‘बेअर’ म्हणजे खूप. ‘ब्रव’ म्हणजे भावा. आणि ‘इनिट’ म्हणजे आपलं ‘ना’. वाक्य कुठलंही असो, शेवटी ‘इनिट’. ‘गरम होतंय ना’, ‘तू येणार ना’, ‘तो गेला ना’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवायला नको.

२०१३ मध्ये दक्षिण लंडनच्या एका शाळेनं ‘इनिट’, ‘बेअर’ अशा शब्दांवर बंदी घालत पाट्या लावल्या. नोकरीच्या मुलाखतीत मुलं मागे पडू नयेत म्हणून, असं कारण. कारण अगदीच खोटं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी फुलवाल्या पोरीला जे सांगितलं जायचं तेच, फक्त आता पोरीचा रंग बदललाय. आणि २०१८ मध्ये उघड झालं की विंडरशच्या त्या पिढीतल्या कित्येकांना, कायद्यानं तिथले असूनही, कागद नाहीत म्हणून नोकरी, उपचार, घर नाकारलं गेलं. काहींना देशाबाहेर काढलं. पंतप्रधान थेरेसा मे यांना माफी मागावी लागली. शब्द सगळ्यांनी घेतले, माणसांना मात्र कागद दाखवायला सांगितले.

आता जरा गंभीर. पाकिस्तान या नावाचा पहिला तुकडा तिकडे शिवी आहे. १९६० च्या दशकापासून वर्णद्वेषी लोकांनी तो सगळ्याच दक्षिण आशियाई लोकांना मारताना, हाकलताना वापरलाय. भारतीय, बांगलादेशी, सगळ्यांना. आपण इकडे क्रिकेटच्या मॅचला तो सहज बोलून जातो. तिकडे गंमत म्हणूनही बोलू नका. तो तुमच्यावरच फेकलेला दगड आहे.

मग करायचं काय?

तीन गोष्टी. एक, सगळं समजून घ्या, पण वापरा थोडंच. ‘चीअर्स’, ‘मेट’, ‘क्विड’, ‘नॅकर्ड’ बिनधास्त वापरा. ‘वॉगवान मॅनडेम’ प्रोफेसरांना म्हणू नका. दोन, शब्द माणसाच्या पेशाची, रंगाची, गरिबीची खूण करत असेल तर तो कानापुरताच ठेवा. तीन, कळलं नाही तर विचारा. ‘सॉरी, मेट, व्हॉट डझ दॅट मीन?’ लोक भरभरून सांगतात. आपल्या बोलीबद्दल कुणी विचारलेलं कुणाला आवडत नाही?

माझ्या बहिणीनं तेच केलं. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा त्याच दुकानात गेली. काका म्हणाले, ‘यू ऑलराइट, लव्ह?’ ही म्हणाली, ‘ऑलराइट, यू?’ काकांनी दूध पुढे केलं. मग तिनं धीर करून विचारलं, ‘लव्ह’ का म्हणता? काका हसले. म्हणाले, माझी आई सगळ्यांना म्हणायची. बस, एवढंच कारण.

जाता जाता एक. लंडनचा काळा-गोरा पोरगा मित्राला ‘ब्रव’ म्हणतो, तो ‘ब्रदर’वरून. रोमानींनी दिलेला ‘पॅल’ हाही भाऊच. आणि कोल्हापूरच्या चौकात गाडी थांबवून तुम्ही मित्राला हाक मारता, ‘काय भावा!’ हे तिन्ही शब्द हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच शब्दाची लेकरं आहेत. भाषातज्ज्ञांनी हे पक्कं केलंय. म्हणजे पका केलंय!

तेव्हा तिकडे कुणी ‘यू ऑलराइट, ब्रव?’ म्हणालं तर घाबरू नका. तुमच्या गल्लीतलीच हाक आहे ती, फक्त लांबचा प्रवास करून आलीय.

तुमच्या गावचा असा कुठला शब्द आहे, जो बाहेरच्याला कळत नाही? कमेंटमध्ये लिहा. त्यावर एक अख्खा एपिसोड करू. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर, चीअर्स!